बरणीतली वालधुनी

तुळशीच्या कुंडीशेजारी ती बरणी ठेवायला सासूबाईंनी साफ नकार दिला. बरणी त्यांचीच, कैरीच्या लोणच्याची, जाड काचेची. आत मात्र वालधुनीचा गाळ. "नदी म्हणून आणलीस तरी गटारच ना गं ते," असं म्हणत त्यांनी ती गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सरकवली. तिथे दुपारनंतर चांगलं ऊन येतं. बरणीला नेमकं तेच हवं होतं, म्हणून मीही वाद घातला नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता 'श्वास'. बाकीचे लेखक प्राणायाम, बासरी, गिर्यारोहण घेणार हे उघड होतं. मी बदलापूरला राहते, लोकलने ये-जा करते. विठ्ठलवाडी मागे पडली की अर्ध्या डब्याचे रुमाल आपसूक नाकाशी जातात. मोबाइलमधून मान वर न काढता कुठलं स्टेशन आलं ते इथल्या माणसाला वासावरून कळतं. त्यामुळे श्वास म्हटल्यावर मला पहिला आठवला तो रोखून धरलेला. मग वाटलं, आपण जिथे श्वास रोखतो त्याच पाण्याच्या तळाशी असे जीव आहेत, ज्यांनी ऑक्सिजनचा एक घोटही कधी घेतलेला नाही. तरी ते श्वास घेतात. आणि आपण नाक दाबून ज्यापासून पळतो त्यातलं बरंच काही ते खातात. लिहायचं तर त्यांच्यावर.

देवळामागे

वालधुनीचा उगम अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात. तिथे जुन्या जीआयपी रेल्वेने बांधलेला तलाव आहे. रेल्वेच्या 'रेल नीर'च्या बाटल्या अंबरनाथला भरल्या जातात त्या त्याच पाण्याच्या भरवशावर. म्हणजे जे पाणी आपण फलाटावर पैसे मोजून पितो आणि ज्याच्या वासाने पुढच्या स्टेशनात नाक धरतो, त्यांचं माहेर एकच. मधे अंतर काही किलोमीटरांचं.

त्या मधल्या अंतरात पहिलं येतं शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा शिलालेखातला काळ. शिलाहार राजा मुम्मुणीच्या कारकिर्दीतला. देऊळ पाहायला गेलेला माणूस सहसा भिंतीवरच्या शिल्पांकडे मान वर करून बघतो. मी वैशाखातल्या एका सकाळी गेले तेव्हा देवळाकडे पाठ करून नदीकडे बघत बसले. पाणी कमी, चालीला आळशी. काठावरच्या काठीने तळ ढवळला की बुडबुड्यांची एक माळ वर यायची, फुटायची, पुन्हा सगळं शांत. १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी आलेस्सांद्रो व्होल्टाने असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले होते. तो मिथेन होता. काडेपेटी बनवणारा विम्कोचा कारखाना ज्या गावात होता त्या अंबरनाथमध्ये हा प्रयोग करायचा मोह मला झाला. पण इथल्या बुडबुड्यांत मिथेनशिवाय आणखी काय काय असेल याचा विचार करून काडी खिशातच ठेवली.

गाळ मात्र मी इथून घेतला नाही. तो घेतला उल्हासनगरच्या हद्दीत, एका पुलाखाली. रबरी हातमोजे, जुनी कढई, दोरी. चहाच्या टपरीवरून एक मुलगा धावत आला. "काय पडलंय? मोबाइल?" मी म्हटलं, गाळ हवाय. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यानंतर त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. वरचं बोटभर राखाडी, त्याखाली एकदम काळंभोर, लोण्यासारखं मऊ. कुजक्या अंड्याचा वास. काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा, वास हायड्रोजन सल्फाइडचा. दोन्ही ऑक्सिजन संपल्याच्या खुणा. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू सरकतो. वर भुकेल्या जिवाणूंची गर्दी असली तर तो गाळात काही मिलिमीटरच्या खाली पोचतच नाही. त्या काही मिलिमीटरांखाली जो मुलूख सुरू होतो तो पृथ्वीवर ऑक्सिजन नव्हता तेव्हापासूनचा आहे. तिथले रहिवासी आपल्यापेक्षा जुने.

घरी आल्यावर गाळात वर्तमानपत्राचे कपटे घातले, अंड्याचा बलक, आणि वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंगचं काम चालू होतं तिथून मागून आणलेली मूठभर पीओपीची पावडर. कागद म्हणजे कार्बन, पीओपी म्हणजे सल्फेट. सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात ही रीत बसवली. गाळाने भरलेल्या काचेच्या नळीला आजही त्याचंच नाव आहे. त्याने काय करू नये हे सांगितलेलं मी वाचलं नव्हतं, म्हणून झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या रात्री ते उडालं. पुढचं सासूबाईंनी काय म्हटलं ते या अंकात छापण्याजोगं नाही.

सहा भावांचा सातबारा

या पट्ट्यातल्या कारखान्यांत रंगद्रव्यं, औषधांचे कच्चे घटक, रेझिनं, सॉल्व्हंटं बनतात किंवा वापरली जातात. त्यांतल्या पुष्कळांचा सांगाडा एकच: सहा कार्बनांचा षट्कोन. रसायनशास्त्र त्यांना 'ॲरोमॅटिक' म्हणतं, म्हणजे सुवासिक. हे नाव पडलं तेव्हा दालचिनी, कडू बदाम, व्हॅनिला यांतली अशी संयुगं माणसाला आधी भेटली होती. आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो तो लोबानही त्यातलाच. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणत, म्हणजे जावाचा ऊद. युरोपात जाता जाता त्याचं 'बेंझोइन' झालं, त्यातून निघालेलं आम्ल ते बेंझोइक, आणि त्या आम्लावरून बेंझिन. मायकेल फॅरेडेने बेंझिन पहिल्यांदा वेगळं काढलं १८२५ मध्ये, दिव्याच्या गॅसच्या नळकांड्यांत उरलेल्या तेलातून. टोमॅटो सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'सोडियम बेंझोएट' लिहिलेलं असतं तेही याच घरातलं. सॉस नासू नये म्हणून, म्हणजे सूक्ष्मजीव वाढू नयेत म्हणून घातलेलं. गाळात तेच कुणाचं तरी जेवण असतं.

हा षट्कोन मोडायला इतका अवघड का, हे समजून घ्यायला गावाकडचा सामायिक सातबारा पुरे. सहा भाऊ, प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन, पण कुणाचा हिस्सा कुठला हे ठरलेलं नाही. सगळं सगळ्यांचं. अशा जमिनीतला एक तुकडा कुणी विकायला निघालं तर बाकीचे पाच आडवे येतात. बेंझिनच्या कड्यातला एक बंध तोडायला गेलात तर साऱ्या कड्याची ताकद त्याच्या पाठीशी उभी राहते.

ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू हा प्रश्न पहारीने सोडवतात. ऑक्सिजन स्वतःच मुलखाचा आक्रमक; त्याचे दोन अणू कड्यावर ठोकले की कुंपणाला भगदाड पडतं आणि मग कडं कापता येतं. ही विद्या चांगली अभ्यासलेली आहे. पवईला आयआयटी मुंबईत प्रशांत फळे यांच्या प्रयोगशाळेने नॅप्थलीन, थॅलेट, कार्बारिल असल्या संयुगांवर ताव मारणारे स्युडोमोनास जिवाणू वर्षानुवर्षं तपासले आहेत. अमेरिकेत आनंद चक्रवर्तींनी तेल खाणाऱ्या जिवाणूचं पेटंट मिळवलं, १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, तोही स्युडोमोनासच. ही सगळी पहारवाली मंडळी.

गाळात पहारच नाही. मग तिथले जिवाणू काय करतात? ते तलाठ्याकडे जातात, म्हणजे कागदपत्रांच्या मार्गाने. आधी कड्याला 'कोएन्झाइम ए' नावाची एक मूठ बसवतात, म्हणजे रेणू हातात धरता येतो. वेगवेगळ्या संयुगांना या मुठीपर्यंत आणायच्या वाटा वेगळ्या. थिनरमधलं टोल्यूइन असेल तर त्याच्या शेपटीला फ्युमरेट नावाचं छोटं आम्ल जोडायचं. फेनॉल असेल तर फॉस्फेट चिकटवून मग कार्बन डायऑक्साइड बसवायचा. बहुतेक वाटा शेवटी एकाच चावडीवर येतात, तिचं नाव बेंझोइल-कोए. तिथे खरी वाटणी होते. कड्यात बाहेरून दोन इलेक्ट्रॉन घुसवले जातात आणि सामायिक खातं फुटतं. एकदा ते फुटलं की उरलेलं काम साधं, चरबी पचवण्याइतकं.

हे घुसवणं फुकट नाही. थाउएरा ॲरोमॅटिका या जिवाणूवर जर्मनीत फ्रायबुर्गच्या गेओर्ग फुक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून हिशेब समोर आला: दोन इलेक्ट्रॉनांमागे दोन एटीपी. एटीपी म्हणजे पेशीतली रोकड. रसायनशास्त्रज्ञाला हेच काम करायचं तर धातूरूप सोडियम आणि द्रवरूप अमोनिया लागतो, उणे तेहतीस अंशांखालचा. जिवाणू ते चिखलात, पुलाखाली, वैशाखातल्या उन्हात करतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट कुठली वाटली असेल, तर ही.

उतरायला स्टेशन हवं

आता मुद्दा श्वासाचा. अन्न खाणं म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन सोडवून घेणं, आणि सोडवलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठेतरी उतरवावा लागतो. संध्याकाळच्या कर्जत लोकलसारखं. दारातला माणूस उतरला नाही तर आत कुणी हलू शकत नाही. आपल्या पेशीत इलेक्ट्रॉन उतरतात ऑक्सिजनवर, आणि त्या उतरण्याला आपण श्वास म्हणतो. ते सर्वांत कमाईचं स्टेशन. पण ते बंद असेल तर? मग नायट्रेटवर उतरा. नायट्रेट संपलं तर मँगनीजवर, मग लोखंडाच्या गंजावर, मग सल्फेटवर, आणि काहीच उरलं नाही तर कार्बन डायऑक्साइडवर, ज्याचा मिथेन होतो. पुढच्या प्रत्येक स्टेशनाला कमाई कमी. गाळात वरून खाली जावं तसे साधारण याच क्रमाने थर लागतात.

कमाई कमी झाली की सवयी बदलतात. नायट्रेटवर जगणाऱ्या थाउएराला दोन एटीपी परवडतात. गंजावर जगणाऱ्या जिओबॅक्टरला परवडत नाहीत. त्याने दुसरी युक्ती काढली, एटीपी न मोडता कडं फोडणारं विकर, ज्याच्या गाभ्यात टंगस्टन आहे. जुन्या पिवळ्या बल्बची तार ज्या धातूची, तोच. जिओबॅक्टर मेटॅलिरेड्युसेन्स डेरेक लव्हली यांनी १९८७ मध्ये उजेडात आणला तो वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळातून. राजधानीच्या शहराची नदी, तिचा चिखल. टोल्यूइनसारखा रेणू ऑक्सिजनशिवाय पूर्ण जाळू शकणारा एकट्याने वाढवलेला पहिला जिवाणू तो ठरला.

सर्वांत खालच्या थरात तर एकट्याने भागतच नाही. तिथे पंगत चालते. एक जिवाणू बेंझोएट मोडून ॲसिटेट आणि हायड्रोजन टाकतो. दुसरा सूक्ष्मजीव तो हायड्रोजन उचलून मिथेन करतो. खरकटं वेळेत उचललं गेलं नाही तर पुढची पंगत बसत नाही, तसा हायड्रोजन जरा साठला की पहिल्याचा व्यवहार तोट्यात जातो आणि तो थांबतो. दोघे मिळून कमावतात ते इतकं थोडं की एका पेशीच्या दोन व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. बेंझिन स्वतः, ज्याला पकडायला शेपूट नाही की दांडा नाही, ते या मुलखात सर्वांत चिवट. त्याला हात लागायलाच महिने जातात.

ही कला प्रदूषणासाठी जन्मलेली नाही. लाकडातलं लिग्निन याच कड्यांचं बनलेलं आहे आणि पडलेली झाडं कोट्यवधी वर्षं दलदलीत कुजत आली आहेत. कारखान्यांनी त्या जुन्या खवय्यांपुढे नवं ताट ठेवलं, इतकंच. माणसाच्या लक्षात यायला मात्र वेळ लागला. १९३४ मध्ये टार्विन आणि बसवेल यांनी बेंझोएटसारख्या पदार्थांपासून मिथेन होतो हे दाखवलं, तरी रसायनशास्त्रातल्या पुष्कळांना ऑक्सिजनविना कडं मोडतं हे पुढे कितीतरी वर्षं पटत नव्हतं. वास्तविक त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, माटुंग्याच्या कुष्ठरुग्ण वसतिगृहात मैल्याच्या टाकीतला वायू धरून कामाला लावला होता. मुंबईला ऑक्सिजनविना चालणारं पोट ठाऊक होतं. आत काय शिजतंय ते ठाऊक नव्हतं.

ठाऊक करून घेणंही सोपं नाही. या जीवांना ऑक्सिजन विष. बाटलीतली हवा नायट्रोजनने हुसकून लावायची, रबरी बूच, सुईनेच घालायचं आणि सुईनेच काढायचं. आत रेझाझुरिन नावाचा रंग टाकतात, डेअरीत दुधाच्या तपासणीला वापरायचे तोच. बाटली गुलाबी झाली तर हवा शिरली, दिवस वाया. पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर अनेक वर्षं असंच काम चालत आलं आहे. पंधरा मिनिटांत फळ दाखवणाऱ्या विज्ञानाची ज्यांना सवय आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

निळीचं पिंप

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातलं कल्याण कॅम्प. फाळणीनंतर बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये नाव बदललं, पण पत्ता अजून 'कॅम्प नंबर पाच' असाच सांगतात. इथली जीन्स देशभर जाते. कापड बहुतेक रंगून आलेलं असतं. इथे ते शिवायचं आणि मग मुद्दाम जुनं करायचं. मोठ्या पिंपात प्युमिस दगडांबरोबर घुसळायचं, गुडघ्यांवर परमँगनेट फवारायचं, ब्लीच, पुन्हा धुलाई. ग्राहकाला हवा असलेला विटका रंग म्हणजे नाल्यात गेलेली नीळ. न्यायालयांच्या आदेशांनंतर अनेक धुलाई कारखान्यांना टाळी लागली, काही आसपासच्या गावांकडे सरकले. नाल्याचा रंग वारानुसार बदलायचा हे सांगणारी माणसं अजून भेटतात.

निळीचा रेणूही ॲरोमॅटिक, आणि तिची एक गंमत आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुने रंगारी नीळ कोंडा-गुळासारख्या गोष्टींबरोबर पिंपात आंबवत. ऑक्सिजन संपला की जिवाणू आपले इलेक्ट्रॉन निळीवर उतरवत. ती फिकट पिवळी होऊन विरघळे, सुतात शिरे, आणि सूत बाहेर काढून वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं होई. युरोपातल्या वोड नावाच्या निळीच्या अशाच पिंपातून मिळालेल्या एका जिवाणूला १९९९ मध्ये क्लॉस्ट्रिडियम आयसॅटिडिस हे नाव मिळालं. आता कारखान्यांत हे काम सोडियम हायड्रोसल्फाइट करतं. पण ज्या जमातीने नीळ कापडावर चढवायला शिकवलं तिच्याच भाऊबंदांकडे आपण ती नाल्यात पाठवतो, हा योगायोग मला सोडवेना.

यातच एक फसगतही दडलेली आहे. कापडाच्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक ॲझो कुटुंबातले: दोन कडी, मधे दोन नायट्रोजनांचा पूल. रंग त्या पुलामुळे. ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू हा पूल चटकन तोडतात आणि पाणी स्वच्छ दिसू लागतं. पण कडी तिथेच असतात, ॲरोमॅटिक अमाइन बनून, बिनरंगाची. त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक. बेंझिडिनचं नाव मूत्राशयाच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे, आणि भारताने १९९० च्या दशकात अशा अमाइनांवर बेतलेले ११२ रंग बंद केले ते याच कारणाने. या अमाइनांतली बरीचशी पुढे मोडायला ऑक्सिजनच लागतो. म्हणजे क्रम असा: आधी बंद टाकी, मग हवा खेळती टाकी. क्लोरीनने भरलेल्या संयुगांचंही तेच. क्लोरीन उतरवायचं काम बिनऑक्सिजनवाले उत्तम करतात, बाकीचं दुसऱ्यांनी करायचं. नाल्यात हा क्रम लावणार कोण? तेव्हा 'आता पाणी काळं-निळं दिसत नाही' हे ऐकून मी तरी निर्धास्त होणार नाही.

"रात्री सोडतात"

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कुणालाही विचारा, वाक्य एकच मिळतं: "रात्री सोडतात." काय सोडतात, कोण सोडतं, हे अध्याहृत.

कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडायला सामायिक केंद्रं आहेत, सीईटीपी. निरनिराळ्या कंपन्यांचं पाणी आधी एका मोठ्या टाकीत मिसळून सारखं करायचं, चुना-तुरटीने जड भाग खाली बसवायचा, मग एरेशनच्या टाकीत हवा घुसळून जिवाणूंच्या हवाली करायचं. ब्लोअर रात्रंदिवस चालतात, विजेचं बिल मुख्यतः त्यांचं. ऑक्सिजनविना चालणारी टाकी हे बिल वाचवते, वर मिथेन देते. पश्चिम महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांचा स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी, असाच पचवतात. हॉलंडच्या वाखेनिंगेनमध्ये गात्से लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या टाकीत जिवाणू स्वतःच एकमेकांना धरून काळ्या साबुदाण्यासारखे दाणे करतात. पाणी खालून वर जातं, दाणे तळाशी राहतात. पॉलिएस्टरच्या कारखान्यांतलं टेरेथॅलिक आम्ल, म्हणजे कडंच, अशा टाक्यांत जगभर मोडलं जातं.

पण तो साबुदाणा तयार व्हायला महिने लागतात, आणि त्याला रोज साधारण तेच जेवण लागतं. सॉल्व्हंटचा किंवा आम्लाचा एकच लोंढा आला की संपलं. एका कंपनीत ईटीपीवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, उमेदीची वर्षं घालवलेले एक निवृत्त ऑपरेटर काका मला अंबरनाथ स्टेशनबाहेर भेटले. टाकी बसली की काय करायचात, असं विचारलं. म्हणाले, "शेण. टेम्पोभर ताजं शेण, गूळ, युरिया, डीएपी. आणि देवाचं नाव." मी हसले, ते हसले नाहीत. शेणात गाईच्या पोटातले जिवाणू असतात, गवत पचवण्यात वाकबगार. क्लोरोबेंझिन त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नसतं. जुन्या टाकीचा गाळ जपून ठेवला असता तर त्यात निवडून आलेली, या पाण्याला सरावलेली फौज मिळाली असती. "गाळ कोण ठेवतो? गाळ म्हणजे कचरा," काका म्हणाले.

हिशेब कधीकधी माणसांवर येतो. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना गुदमरून, उलट्या होऊन रुग्णालयांत न्यावं लागलं. माणसं झोपेत होती. यात दोष ओतणाऱ्याचा. पण अशा नदीचा तळ स्वतःही भरलेलं शस्त्र असतो. ज्यांनी कॉलेजात रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक केलं आहे त्यांना किपचं उपकरण आठवेल: लोखंडाच्या सल्फाइडवर आम्ल सोडायचं आणि हायड्रोजन सल्फाइड मिळवायचा. काळ्या गाळाने भरलेल्या नदीत आम्ल ओतणं म्हणजे किलोमीटर लांबीचं किपचं उपकरण चालू करणं. आणि या वायूचा दगा असा की तो फार झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.

जुलै २०१५ मध्ये, 'वनशक्ती' संस्थेच्या अर्जावर, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या पालिकांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. आकडा मोठा होता. मला त्यातलं लक्षणीय वाटलं ते हे की यादीत पालिकाही होत्या. कारखान्याचं रसायन एकटं येत नाही. घराघरातला मैला आधी नदीचा ऑक्सिजन संपवून ठेवतो, नायट्रेट-सल्फेटची स्टेशनं अडवतो, मग कड्यांची पाळी शेवटी येते. सोप्या जेवणाचं ताट समोर असताना बेंझिनकडे कोण बघणार? आपल्या न्हाणीघरातलं पाणी या लेखाबाहेर ठेवता येत नाही.

तरीही गाळ काम करतो, हे नाकारता येत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बेमिजीजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये तेलाची पाइपलाइन फुटली. जमिनीत मुरलेलं सगळं तेल काढता आलं नाही, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या जागेची वर्षानुवर्षं नुसती नोंद ठेवली. भूजलातलं बेंझिन, टोल्यूइन अपेक्षेइतकं दूर पसरलं नाही. वाटेत ऑक्सिजनविना, मातीतल्या लोखंडावर इलेक्ट्रॉन उतरवत जिवाणू ते खात होते. याचा अर्थ 'निसर्ग बघून घेईल' असा काढणारे लोक असतात. बेमिजीत पाइप एकदाच फुटला होता. रोज रात्री नाही.

गॅलरीतला पट्टा

आषाढात ऊन नव्हतं आणि बरणीत काहीच घडलं नाही. वरचं पाणी गढूळ, खाली काळं. श्रावणात उन्हाची तिरीप यायला लागली तसा काचेच्या पश्चिमेच्या अंगाला, काळ्याच्या जरा वर, एक डाग दिसला. आधी मला वाटलं काचेलाच काही लागलंय. पुसला, गेला नाही. भाद्रपदात त्याचा पट्टा झाला, बोटभर रुंद, गंजाकडे झुकणारा जांभळा. बदलापूरचं जांभूळ खाऊन जिभेला येतो तसा. वर हिरवट झाक.

हे जांभळे जिवाणू उजेडावर जगतात पण ऑक्सिजन सोडत नाहीत. त्यांच्याच गणगोतातला ऱ्होडोस्युडोमोनास पॅलुस्ट्रिस हा १९६९ मध्ये वेल्समधल्या डटन आणि एव्हान्स यांनी बेंझोएटवर वाढवला, उजेडात आणि हवेशिवाय. कडं कापण्याआधी त्यात इलेक्ट्रॉन घातले जातात हे पहिल्यांदा नीट दिसलं ते त्याच्यात. पॅलुस्ट्रिस म्हणजे दलदलीतला. बरणीतल्या पट्ट्यात तो आहेच असं मी म्हणत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाच्या पुढे जावं लागतं. पण पुलाखाली जो तळ काळा आणि मेलेला दिसत होता त्याला चार महिने कुणी काही 'सोडलं' नाही, थोडं ऊन दिलं, तेव्हा त्याने आपापले थर लावून घेतले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर आवरताना बरणी टाकायची की ठेवायची असा प्रश्न आला. मी बाहेर जाऊन आले तोवर सासूबाईंनी गॅलरी धुऊन काढली होती. बरणी जागेवर दिसेना. मग दिसली: तुळशीच्या कुंडीपासून हातभर अंतरावर, विटेवर ठेवलेली, आणि जांभळी बाजू भिंतीकडे फिरवलेली.

"त्या अंगाला झालंय रंगून," त्या म्हणाल्या. "आता याही अंगाला ऊन लागू दे की."